हुरड्यापासून खुर्चीपर्यंत : भोपाळच्या मराठी घरांतील मधुमेह

इ. स. १७३७ च्या डिसेंबरात पहिला बाजीराव भोपाळच्या परिसरात आला तो निजामाला कोंडण्यासाठी. तलावाच्या आणि कोटाच्या आश्रयाने बसलेल्या निजामाच्या फौजेची रसद त्याने तोडली, आणि १७३८ च्या जानेवारीत आपल्या शहरापासून फारशा दूर नसलेल्या दोराहा येथे तह झाला. हा इतिहास आपल्या मंडळाच्या व्याख्यानांतून अनेकदा सांगून झाला आहे. त्याची पुनरुक्ती करण्याचा हेतू नाही. मला आठवते ती त्याच बाजीरावाविषयीची एक प्रसिद्ध आख्यायिका. निजामाने म्हणे आपल्या चित्रकाराला आज्ञा केली, की हा पेशवा ज्या स्थितीत दृष्टीस पडेल त्या स्थितीत त्याचे चित्र काढून आण. चित्र आले ते असे : घोड्यावर बसलेला, लगाम सैल सोडलेला, खांद्यावर भाला टाकलेला एक स्वार, दोन्ही तळहातांत कणसे चोळून त्यांतले दाणे तोंडात टाकीत चाललेला. आख्यायिका खरी की रचलेली, हे इतिहाससंशोधकांनी ठरवावे. परंतु त्या काळच्या मराठा स्वाराचा आहार आणि त्याचे श्रम ही दोन्ही त्या एका चित्रात सामावलेली आहेत.

मराठी माणसाचे भोपाळातले दुसरे मोठे आगमन झाले ते १ नोव्हेंबर १९५६ नंतर. या वेळी घोडे नव्हते, फायली होत्या. नागपूरची राजधानी गेली, मध्य भारताची ग्वाल्हेर-इंदूरची दप्तरे गुंडाळली गेली आणि नव्या मध्य प्रदेशाच्या सेवेत वाटून दिलेले कारकून, अधीक्षक, अनुभाग अधिकारी, अभियंते, शिक्षक आपापली बिऱ्हाडे घेऊन या गावात उतरले. १९५१ च्या जनगणनेत लाखाच्या आसपास असलेली वस्ती १९६१ पर्यंत जवळजवळ दुप्पट झाली, त्यात या मंडळींचा वाटा होता. माझे वडील त्यांपैकीच एक. मी स्वतः इथेच जन्मलो, इथेच राज्य शासनाच्या नोकरीत आयुष्य काढले आणि २०२१ साली निवृत्त झालो. या लेखात मी ज्या पाहुण्याचा इतिहास सांगणार आहे, तो आमच्याबरोबर फायलींच्या गठ्ठ्यांतूनच या शहरात आला असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्या पाहुण्याचे नाव मधुमेह. आपल्या जुन्या घरांपैकी क्वचितच एखादे असे असेल, की ज्याच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनची बाटली किंवा जेवणाच्या टेबलावर गोळ्यांचा डबा नाही.

रोग नवा नाही. चरकाने प्रमेहाची कारणे सांगताना सुरुवातच बसण्याच्या आणि झोपण्याच्या सुखाने केली आहे. त्यानंतर दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांची यादी येते. सुश्रुताने तर आणखी पुढे जाऊन दोन प्रकारचे रोगी वेगळे काढले : एक जन्मतःच दोष घेऊन आलेला, बहुधा कृश; दुसरा अपथ्याने रोग ओढवून घेतलेला, बहुधा स्थूल. या भेदाकडे पुढे पुन्हा यावे लागेल. मला अधिक मौज वाटते ती त्याच्या उपचारांची. सधन रोग्याला त्याने व्यायाम, कुस्ती, घोडे-हत्ती-रथावरची सवारी अशी कामे सांगितली. ज्याच्याजवळ पैसा नाही आणि गणगोतही नाही त्याला सांगितले, की अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षा मागत शंभर योजने चालत जा, एका गावी एकच रात्र राहा. नाहीतर गायींच्या मागे रानात हिंड, विहीर खण. औषधाची पुडी दोघांनाही निराळी असेल, पण देहाला हलवणे मात्र दोघांनाही चुकले नाही.

इंग्रजी अमदानीत हा रोग पुन्हा चर्चेत आला तो कलकत्त्याच्या निमित्ताने. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण प्रदेशांतील मधुमेहावर खास चर्चा झाली. बंगालमध्ये काम केलेल्या डॉक्टरांचे निरीक्षण असे होते, की हा रोग शेतकऱ्यात वा हमालात क्वचित आढळतो. वकील, न्यायाधीश, जमीनदार, सरकारी नोकर अशा बैठ्या, सुशिक्षित आणि सुखवस्तू वर्गात तो फार. निरीक्षण चुकीचे नव्हते. परंतु त्यातून ‘हा श्रीमंतांचा रोग’ ही जी समजूत रूढ झाली तिने पुढच्या पिढ्यांचे मोठे नुकसान केले. श्रीमंती ही पैशात मोजायची, की बसून राहण्याच्या तासांत, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तृतीय श्रेणीच्या कारकुनाला कोण श्रीमंत म्हणेल? पण दिवसाचे आठ तास खुर्चीवर बसण्याच्या बाबतीत तो कलकत्त्याच्या कोणत्याही बाबूचा सख्खा भाऊच होता.

माझे आजोबा वर्धा जिल्ह्यातले शेतकरी. त्यांना मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत पाहिले ते नेहमी उभे किंवा चालताना. बसले तर उकिडवे. त्यांचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची किंवा चाकवताची भाजी, तिखट आणि जवसाचे तेल. गोड म्हणाल तर पोळ्याच्या आणि दिवाळीच्या दिवशी. बाबा मात्र मॅट्रिक होऊन नागपूरच्या सचिवालयात चिकटले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी भोपाळला आले.

ज्यांनी ते जुने टी. टी. नगर पाहिले आहे त्यांना ते दिवस आठवत असतील. वस्तीला नाव दिले तात्या टोप्यांचे, म्हणजे पुन्हा एका घोडेस्वाराचे. आणि भागांची ओळख मात्र क्वार्टरांच्या संख्येवरून : बारासौ पचास, ग्यारहसौ, चौहत्तर बंगले, पैंतालीस बंगले. हिशेबनीस जातीने वसवलेले गाव दुसऱ्या कशाने ओळखले जाणार! तेव्हाचे सचिवालय दूर, आज जिथे जिल्हाधिकारी कार्यालय आहे त्या इमारतीकडे होते. बाबा सायकलने जात. रोशनपुऱ्याचा चढ, पॉलिटेक्निकचा उतार, कमला पार्कवरून तलावाचा वारा अंगावर घेत पुढे. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. ज्यांच्याजवळ सायकल नव्हती ते टोळीने पायी जात. भोपाळ हे टेकड्यांचे गाव, इथे दोन फर्लांगसुद्धा सपाट रस्ता मिळत नाही, आणि त्या काळी हा चढउतारच आमचा न मागता मिळालेला वैद्य होता. १९६५ साली अरेरा टेकडीवर वल्लभ भवन उभे राहिले तेव्हा कार्यालय जवळ आले, तरी टेकडी चढणे सुटले नव्हते.

ते सुटले स्कूटरने. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या घरी ती १९७४ साली आली. पेढे वाटले, हार घातला, आईने कुंकू लावले. सायकल मागच्या अंगणात गेली आणि बाबांच्या आयुष्यातला रोजचा दीड तासाचा श्रम त्या दिवशी संपला. त्याच सुमारास त्यांना बढती मिळाली. बढती म्हणजे काय, तर ज्या फायली पूर्वी स्वतः उचलून साहेबांकडे न्यायच्या त्या आता शिपाई नेणार. पूर्वी ज्या खुर्चीला हात नव्हते तिला हात येणार. आणि बैठकीत चहाबरोबर बिस्किटे, समोसे येणार. सरकारी नोकरीतील प्रगतीचा प्रत्येक टप्पा म्हणजे देहाच्या हालचालीतली एकेक कपात होती. मी स्वतः या सर्व पायऱ्या चढलो, म्हणजे खरे तर लिफ्टने गेलो, त्यामुळे हे अधिकाराने लिहू शकतो.

ताटातला बदल इतका ठळक तारखेने सांगता येत नाही, पण त्याचाही इतिहास आहे आणि त्यात शासनाचा हात आहे. धान्यपुरवठ्याशी संबंध असलेल्या खात्यात माझी काही वर्षे गेली. स्वस्त धान्याच्या दुकानातून काय मिळे? गहू, तांदूळ, साखर. साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांत टंचाईच्या काळी अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळाली. तिने ज्वारीच्या नावालाच बट्टा लावला. हरितक्रांतीने गव्हाला आणि भाताला पाणी, खत, बियाणे व हमीभाव दिला. ज्वारी-बाजरी कोरडवाहू राहिली आणि शहरातल्या ताटातून उतरली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लोकांनी काय काय खाल्ले याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना गव्हाची पांढरी पोळी ही प्रतिष्ठेची खूण का वाटली हे समजेल. आमच्याकडे भाकरी होई, पण पाहुणे आले की आई ती झाकून ठेवी. सीहोरचा शरबती गहू तर हाताच्या अंतरावर. त्याच्या पोळीची चव नाकारण्याइतका वैरागी मीही नाही.

साखरेची गोष्ट निराळी. १९५०-५१ साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, ही महाराष्ट्राच्या ग्रामीण उन्नतीतली मोठी घटना. तिचा अभिमान आम्हा सर्वांना होता आणि आहे. परंतु गुळाची जागा साखरेने घेतली, आणि साखर सणापुरती न राहता दिवसातून पाच-सहा वेळा, चहाच्या कपातून, पोटात जाऊ लागली, हेही त्याच काळातले. कार्डावर मिळणारी नियंत्रित दराची साखर सोडून देणे म्हणजे हक्क सोडणे. म्हणून लागो न लागो, ती उचलायचीच. उचलली की संपवायचीच. २०१३ मध्ये कारखान्यांवरची लेव्ही उठली तोवर दोन पिढ्यांची जीभ तयार झाली होती.

आणि आपले उपवास! या बाबतीत मला नेहमीच अपराधी हसू येते. टॅपिओकाचा कंद पोर्तुगीजांमुळे आपल्या देशात आला. त्याच्या साबुदाण्याचा उद्योग तमिळनाडूत सेलमकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बाहेरची आयात थांबली तेव्हा, मूळ धरू लागला. म्हणजे ज्या पदार्थाला आपण पुराणकाळापासूनचा उपवासाचा मानतो तो आपल्या आजीच्या सासूला ठाऊक असेलच याची खात्री नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, तूप, बटाटा. वर गोड दही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्याच घरात बसून केलेली आहे. पूर्वीचा उपवास वरईवर, राजगिऱ्यावर किंवा नुसत्या पाण्यावर निघे, आणि त्या दिवशी शेत सुटत नसे.

पोह्यांचेही तसेच. होळकरशाहीत माळव्यात आलेल्या मराठी माणसाने पोहे आणले असे आपण अभिमानाने सांगतो. जिलबी इथली. दोघांचा विवाह माळव्यात लागला आणि भोपाळची रविवार सकाळ त्यावाचून उगवेनाशी झाली. जो दगड फोडायला जाणार आहे त्याने पोहे-जिलबी खाऊन जावे. वर्तमानपत्र वाचायला बसणाऱ्याने ती कशासाठी खावी, एवढाच प्रश्न आहे.

हे सारे घडत असताना देहाच्या आत काय होते ते थोडक्यात सांगतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंनी उचलायची असते. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन पेशींचे दार तिच्यासाठी उघडते. स्नायू कामात असतील तर ते साखर झपाट्याने ओढून घेतात. पडून असतील तर दार जड होत जाते. उरलेली साखर यकृतात चरबी होऊन साठते, पोटाच्या आत आतड्यांभोवती साठते, आणि ही आतली चरबी इन्सुलिनचे काम आणखी अवघड करते. स्वादुपिंड वर्षानुवर्षे जादा इन्सुलिन पुरवून ही तूट भरून काढते, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही. मग एके दिवशी ते थकते. रोग त्या दिवशी ‘झाला’ असे आपण म्हणतो. वास्तविक तो दहा-पंधरा वर्षे खतावणीत मांडला जात असतो आणि त्या दिवशी फक्त ताळेबंद निघतो.

आकड्यांकडे पाहिले तर वेग लक्षात येतो. १९७२ ते ७५ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्यासह सहा केंद्रांत पाहणी केली तेव्हा शहरात शेकडा २.१ आणि ग्रामीण भागात शेकडा १.५ लोक मधुमेही आढळले. त्याच परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले : प्रौढांत शेकडा ११.४, म्हणजे सुमारे १०.१ कोटी मधुमेही; आणि आणखी शेकडा १५.३, म्हणजे सुमारे १३.६ कोटी, उंबरठ्यावर उभे. दोन्ही पाहण्यांच्या तपासण्या आणि निकष अगदी एकसारखे नव्हेत, तरी पन्नास वर्षांतली ही उडी निकषांनी झाकली जाण्यासारखी नाही. राज्यांत पहिला क्रमांक गोव्याचा, शेकडा २६.४. मध्य प्रदेशाचे प्रमाण त्या मानाने कमी आहे, पण येत्या काही वर्षांत ज्या राज्यांत ते वेगाने वाढेल असे संशोधकांना वाटते त्यांत मध्य प्रदेशाचे नाव आहे.

आता सुश्रुताच्या कृश रोग्याकडे, आणि माझ्याकडे. मी आयुष्यभर सडपातळ. लग्नातला कोट साठीतही अंगाला येई, याचा मला गर्व होता. बाबा निवृत्तीनंतर मधुमेही निघाले. १९९१ मध्ये चपलेने झालेल्या एका किरकोळ जखमेवरून त्यांच्या पायाचे बोट काढावे लागले. जखम दुखली नाही म्हणून त्यांनी ती आठ दिवस दाखवलीच नव्हती; न दुखणे हेच रोगाचे लक्षण होते हे आम्हाला नंतर समजले. त्यानंतर मी एकदा स्वतःची रक्ततपासणी करून घ्यावी काय म्हणून एका डॉक्टरांना विचारले. त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिले आणि हसून म्हणाले, तुमच्यासारख्या सडसडीत माणसाला काय होणार? मला तेच ऐकायचे होते. २००५ साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, विम्याच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर २१८ निघाली. वजन तेव्हा ६१ किलो.

त्याच सुमारास पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन वाचनात आले आणि माझ्या गर्वाचा खुलासा झाला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात त्यांनी एक छोटे टिपण छायाचित्रासह प्रसिद्ध केले. छायाचित्रात दोघे डॉक्टर शेजारी उभे : एक स्वतः याज्ञिक, दुसरे त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही नेमका २२.३. परंतु देहातील चरबी मोजली तर युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची शेकडा २१.२! काटा सारखा, माणसे निराळी. आपला कृश दिसणारा माणूस स्नायूंनी गरीब आणि आतल्या चरबीने श्रीमंत असू शकतो, हे इतक्या सोप्या रीतीने दुसऱ्या कोणी दाखवले नसेल.

याची मुळे कुठे आहेत हे शोधण्यासाठी त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भारपणापूर्वीपासून पाहणी केली. शेतात राबणाऱ्या, अपुरे खाणाऱ्या मातांची मुले इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या मुलांपेक्षा जन्मतः पाऊण किलोहून हलकी भरली. त्यांचे स्नायू, त्यांची आतली इंद्रिये लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. गर्भाने म्हणजे दुष्काळी संसाराचा अंदाज घेऊन शिल्लक बांधून ठेवलेली. हे मूल आजोबांसारखे शेतात राहिले तर ती शिल्लक त्याला तारते. ते स्कूटरवर बसून सचिवालयात गेले तर तीच बुडवते. आईच्या रक्तात ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आणि फोलेटचे आधिक्य असल्यास मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचे काम जड झालेले दिसले, हेही या पाहणीतून पुढे आले. शाकाहारी घरांत ब-१२ कमी असणे नवल नाही; आपल्यातल्या सुना-लेकींनी याकडे लक्ष द्यायला हवे.

मग हे रक्तातच आहे, सवयींना दोष कशाला, असे कोणी म्हणेल. माझे धाकटे बंधू हेच म्हणतात आणि तिसरी जिलबी उचलतात. त्यांच्यासाठी मॉरिशसचे उदाहरण देतो. त्या बेटावर १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर जे मजूर गेले त्यांत कोकणातले मराठी लोकही होते; त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. १९८७ साली तिथे मोठी आरोग्य-पाहणी झाली. हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे क्रिओल, चिनी, सर्वांतच मधुमेहाचे प्रमाण मोठे निघाले. समाज चार, पूर्वज निरनिराळ्या प्रदेशांतून आलेले, पण मळा सुटून साखर-तेल-मैद्याचे शहरी जीवन सर्वांनी एकत्रच स्वीकारलेले. वारशाने आपल्याला एखाद्यापेक्षा लवकर धरले असेल, आपल्या आतल्या चरबीचा हिशेब अधिक कडक असेल, हे खरे. पण एकाच बेटावर चारी समाजांना एकाच काळात गाठले ते नव्या राहणीने. याच बेटावरच्या सरकारने त्या काळात रेशनच्या तेलातले पामतेल बदलून सोयाबीनचे प्रमाण वाढवले आणि पाचच वर्षांत लोकांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल सरासरीने घटले. रेशनच्या दुकानातून रोग जसा येतो तसा थोडाफार परतही जाऊ शकतो. आमच्या खात्याच्या बैठकांत आम्ही टनांचा, पोत्यांचा, गळतीचा हिशेब केला. त्या पोत्यांतून लोकांच्या स्वादुपिंडावर काय पडते हा विषय माझ्या आठवणीत एकदाही कार्यसूचीवर आला नाही. मीही तो ठेवला नाही.

रोग उंबरठ्यावर असताना थोपवता येतो काय, याचे उत्तर आता अनुमानाचे राहिलेले नाही. चीनमधील दाचिंग येथे १९८६ पासून ५७७ जणांवर सहा वर्षे प्रयोग झाला. आहार आणि व्यायाम सुधारलेल्या गटात मधुमेह लक्षणीय कमी झाला आणि त्याचा लाभ पुढे दशकानुदशके टिकला. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर असाच प्रयोग केला, निष्कर्ष २००६ साली आले. तीन वर्षांत नुसता साधा सल्ला मिळालेल्या गटात शेकडा ५५ जण मधुमेही झाले. ज्यांच्याकडून रोजचे चालणे आणि आहारनियमन नेटाने करून घेतले त्यांच्यात शेकडा ३९. हा फरक थोडा वाटत असेल त्यांनी शंभर घरांतली सोळा घरे मोजून पाहावीत. आणि विशेष हे, की त्या लोकांचे वजन फारसे उतरलेले नव्हते. कृश माणसाला वजनकाट्यावर काही दिसत नाही म्हणून चालणे व्यर्थ गेले असे समजू नये, हा माझ्यासारख्यांसाठी त्यातला मोठा दिलासा.

आपल्या परंपरेतही साधनांची वाण नव्हती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार करण्यात अर्धे आयुष्य घातले. अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे आणि वऱ्हाडातून इथे आलेल्या कित्येकांचे वडील त्या आखाड्यात घाम गाळून आले होते. आखाडा तिथेच राहिला. अलीकडच्या काळात नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेला दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा प्रघात आपल्या घरांत शिरला आहे. त्यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, आणि गोळ्या-इन्सुलिन चालू असलेल्याने आपल्या डॉक्टरांना न विचारता असे काही आरंभणे धोक्याचे आहे. परंतु मधल्या वेळचे बिस्किट आणि पाचवा चहा या निमित्ताने सुटला असेल तर तेवढ्यापुरते मी त्यांचे ऋण मानतो. २०२५ साली वजन घटवणारी नवी इंजेक्शनेही आपल्या बाजारात आली. ज्याला गरज आहे त्याने जरूर घ्यावीत. पण ती घेणाऱ्यालाही स्नायू राखण्यासाठी टेकडी चढावीच लागते.

भारतीयांसाठी मोजमापही आता निराळे सांगतात. वजनाचा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की सावध, २५ ला स्थूल. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर, स्त्रीचा ८० सेंटिमीटर, ही धोक्याची रेघ. काट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. माझा मुलगा पुण्याला संगणक-कंपनीत आहे, वय पस्तीस, माझ्यासारखाच सडसडीत. गेल्या दिवाळीत तो आला असता मी त्याच्या कमरेला फीत लावली. ९३. उपाशीपोटीची साखर ११२. तो म्हणाला, बाबा, ही तर अजून नॉर्मलच्या जवळ आहे. मी त्याला मागच्या अंगणात नेऊन त्याच्या आजोबांची सायकल दाखवली. तिची साखळी गंजून गेली आहे आणि चाकांतून मधुमालती चढली आहे. त्याने पुण्याला परतल्यावर नवी घेतली असे सूनबाईकडून कळले. चालवतो की नाही, ते विचारलेले नाही.

आपल्या मंडळाच्या गेल्या कार्यकारिणीच्या बैठकीत मी एक ठराव मांडला : मासिक सभेचा अल्पोपाहार पोहे-जिलबीऐवजी ज्वारीच्या पिठाची धिरडी, मोड आलेली मटकी आणि बिनसाखरेचा चहा असा असावा, आणि सभेपूर्वी ज्यांना शक्य आहे त्यांनी एकांत पार्कात दोन फेऱ्या माराव्यात. कोषाध्यक्षांनी हरकत घेतली, की ज्वारीचे पीठ आता गव्हाच्या पिठाहून महाग पडते. ज्या भाकरीवर आई पाहुण्यांसमोर झाकण घालीत असे तिच्यावर आता खर्चाच्या बाजूने हरकत यावी, याचे मला नवल वाटले. चर्चा बरीच झाली. एका ज्येष्ठ भगिनींनी विचारले, की मग आम्ही येतो ते कशासाठी? अखेर ठराव एका दुरुस्तीसह बहुमताने संमत झाला : गणेशोत्सवातील विसर्जनाच्या दिवशी जिलबी राहील, माणशी एक. दुरुस्ती मांडली होती माझ्या धाकट्या बंधूंनी, आणि तिला अनुमोदन मी दिले.